तोंडी शिफारस

मिनाजनं परदेशातल्या प्राध्यापकांना मेल पाठवायला सुरुवात केली तेव्हा तिला वाटलं होतं, दहा-वीस पाठवले की एखादं तरी उत्तर येईल. बहुतेकांनी उत्तर दिलंच नाही. ज्यांनी दिलं त्यांचा नकार इतका सभ्य असायचा की तो नकार आहे हे कळायलाच जरा वेळ लागायचा. तुमचं काम चांगलं आहे, पण सध्या निधी नाही. तुम्ही स्वतःची फेलोशिप घेऊन या, जागा देतो. फेलोशिपवाले म्हणायचे, आधी एखाद्या प्राध्यापकाचा होकार आणा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत.

मिनाज धाराशिवजवळच्या तेर गावची. तिचे अब्बा मुनवर शेख यांचं स्टँडजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या पाणबुडी मोटारी आसपासच्या गावांतून तिथं येत आणि मुनवरभाई त्यांच्या पोटातली काळी पडलेली तार उपसून नवी भरत. पोरगी धाराशिवच्या एका कॉलेजात रसायनशास्त्रात डॉक्टर झाली, एवढं त्यांना कळत होतं. डॉक्टर होऊनही ती त्याच कॉलेजात तासिकेवर शिकवते, आणि रोज सकाळी एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येते, हे काही त्यांना उलगडत नव्हतं.

तिच्या संशोधनाचा विषय ऐकला की लोक हसायचे. तुरीचं फोलकट. पण ते फोलकट पाण्यात घालून पोलादी डब्यात गच्च बंद केलं, भट्टीत तापवलं आणि गाळून घेतलं की चहासारखं पाणी मिळे, आणि त्याच्यावर जांभळा दिवा धरला की ते निळंशार उजळून निघे. त्यात ज्या विहिरीचं पाणी खतानं नासलंय तिचे थेंब टाकले की उजेड मंदावे. बस्स, एवढंच. पण एवढ्यासाठी शहरात महागडं यंत्र लागतं आणि मिनाजला ते एका दिव्यावर जमलं होतं. त्यावरचा तिचा पेपर बऱ्या नियतकालिकात छापून आला होता.

तो वाचून पोर्तुगालमधल्या एका प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी, प्राध्यापक मार्तांनी, उत्तर पाठवलं. आमच्याकडं पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, एक जागा आहे, बोलू या.

मुलाखत दुपारी झाली. कॉलेजचं नेट बेभरवशाचं, म्हणून मिनाज मोबाइलच्या नेटवर, प्रयोगशाळेच्या खिडकीला चिकटून बसली होती. पहिली दहा मिनिटं ती विचारलं तेवढंच बोलत होती. मग मार्ताबाईंनी विचारलं, "हे फोलकट कसं काय सुचलं?"

मिनाज खुलली. गावातल्या दाळमिलच्या मागं फोलकटाचा ढीग पडलेला असतो, एकदा तो पेटला आणि दोन दिवस नुसता धुमसत राहिला, वरून पाणी मारल्यावर खाली जे काळं पाणी वाहत आलं ते ती बाटलीत भरून कॉलेजात घेऊन आली, हे सगळं तिनं सांगितलं. बाई खळखळून हसल्या.

"म्हणजे कल्पना तुमची?"

"हो, माझीच."

"छान. मला आवडलं. आता एकदा तुमच्या मार्गदर्शकांशी बोलते. रीत म्हणून."

मार्गदर्शक म्हणजे शिवानंद उंबरगे सर. मुरूमकडचे, घरात कानडी बोलणारे, कपाळावर भस्माची तीन बोटं, आवाज मऊ. त्यांना कुणी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. मिनाजवर त्यांचे उपकार होते आणि ती ते नाकारत नव्हती. एम.एस्सी. झाल्यावर नातेवाइकांनी तिच्या लग्नाचा धोशा लावला होता, तेव्हा सर स्वतः तेरला आले होते. दुकानातल्या स्टुलावर बसून, हाताला ग्रीस लागेल याची पर्वा न करता, मुनवरभाईंचा हात हातात घेऊन म्हणाले होते, "ही पोरगी मला द्या. माझीच लेक समजा." अब्बांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हापासून मिनाज सरांची लेक झाली, आणि लेकीनं करायची सगळी कामं करू लागली. सरांचे पेपर ती लिहायची. सरांच्या नव्या विद्यार्थ्यांना ती शिकवायची. सरांच्या उत्तरपत्रिकासुद्धा तीच तपासायची. पीएचडी होऊन तिसरं वर्ष लागलं तरी प्रयोगशाळेची किल्ली तिच्याच पर्समध्ये होती.

मार्ताबाईंची बातमी ऐकून सरांना आनंद झाला, निदान चेहऱ्यावर तरी तसा दिसला. "वा! बोलू की. कधी म्हणतायत? तूच जोडून दे बाई, मला त्या व्हिडिओचं काही कळत न्हाय."

ठरल्या दिवशी तिनं सरांच्या केबिनमध्ये लॅपटॉप मांडला, आवाज तपासला आणि निघाली. सर म्हणाले, "थांब इथंच. मधेच बंद पडलं तर मी काय करू?"

म्हणून ती टेबलाच्या कडेला, कॅमेऱ्यात येणार नाही अशी, भिंतीला टेकून बसली. समोर सरांचा चेहरा एका बाजूनं दिसत होता. मार्ताबाईंचा नुसता आवाज.

सुरुवातीचं सगळं गोड झालं. मग बाईंनी विचारलं, "मिनाजबद्दल काय सांगाल?"

"अतिशय आज्ञाधारक मुलगी," सर इंग्रजीत, सावकाश म्हणाले. "इतक्या वर्षांत एकदाही उलटून बोलली नाही."

"स्वतंत्रपणे काम करू शकते?"

"मी सांगेन ते बिनचूक करते."

"आणि अडचण आली तर?"

"माझ्याकडे येते."

मिनाजला वाटलं, इंग्रजीमुळं होत असेल. सरांना चांगलंच म्हणायचंय, शब्द सापडत नसतील.

"त्या फोलकटाची कल्पना मला फार आवडली," बाई म्हणाल्या. "ती कुणाची?"

सरांनी मान वळवली आणि मिनाजकडं पाहिलं. रागानं नाही, ओशाळूनही नाही. दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलता बोलता गल्ल्यावर नजर टाकतो, तसं. मग पुन्हा पडद्याकडं वळून म्हणाले, "कल्पना अर्थातच माझी. हात तिचे. हात फार चांगले आहेत तिचे."

पलीकडून कीबोर्डची टकटक मिनाजला नीट ऐकू आली. माझीच, असं ती आठवड्यापूर्वी त्याच बाईंना हसत हसत सांगून बसली होती. आता त्या बाईंच्या लेखी ती नुसती हलक्या कुवतीची नव्हती, खोटारडीही होती.

तिला उठता आलं असतं. दोन पावलं टाकून कॅमेऱ्यापुढं उभं राहायचं आणि म्हणायचं, सर, असं नाही. पण मग काय झालं असतं? स्वतःच्या गुरूला परक्या बाईसमोर खोटं पाडणारी पोरगी कोण घेईल? बोलली तरी जागा गेली, न बोलली तरी गेली. हे सरांना तिच्याआधी कळलं होतं, म्हणूनच त्यांनी तिला थांबवून घेतलं होतं की काय, हे तिला कधीच समजलं नाही. ती बसून राहिली. सर पुढं तिच्या घरचे तिच्या लग्नाचं बघतायत पण मी त्यांची समजूत घालीन, असंही काही सांगत होते.

फोन संपला. सरांनी चष्मा पुसला.

"चांगलंच सांगितलं ना मी? तिकडच्या लोकांना शिस्तीची माणसं लागतात."

"सर, फोलकटाचं तुम्ही…"

"अगं, विद्यार्थ्याची कल्पना ती गाइडचीच असते. लेकराचं नाव बापाच्या नावानंच लागतं की न्हाय?" ते मऊ हसले. "जा, चहा सांग दोन."

तिनं चहा सांगितला.

नकार आठवड्याभरात आला. मार्ताबाईंनी दोनच ओळी लिहिल्या होत्या: आम्हाला अधिक स्वतंत्र विचाराची व्यक्ती हवी आहे, शुभेच्छा. फोलकटाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मिनाजनं घरी नसीमबीला, तिच्या अम्मीला, चुलीपुढं बसून सगळं सांगितलं. अम्मीनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "अब्बाकू नक्को बोल. उनो कॉलेजमें जाको तमाशा करते. तेरीच बदनामी होती."

खरा घाव अजून पडायचा होता. उन्हाळ्याच्या तोंडावर सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पेढ्यांचा पुडा उघडा होता.

"घे, तोंड गोड कर. रुद्रेशचं काम झालं."

रुद्रेश म्हणजे सरांचा मुलगा. नुकताच एम.एस्सी. झालेला, लाजाळू, उंच, चालताना खांदे पाडून चालणारा. त्या फोननंतर सरांनी मार्ताबाईंशी पत्रव्यवहार चालू ठेवला होता. कल्पना ज्यांची त्यांच्याशीच सहकार्य करावं असं बाईंनाही वाटलं, आणि त्यांनी रुद्रेशला आपल्याकडं पीएचडीला घेतलं. विषय तोच, फोलकट.

"तुझ्यामुळंच ओळख झाली बघ," सर म्हणाले. "आता त्याला जरा हाताखाली घे. जायच्या आत सगळं शिकव. सख्ख्या भावासारखा हाय तुझ्या."

मिनाजनं पेढा खाल्ला. तो घशाखाली उतरेपर्यंत सर तिच्याकडं कौतुकानं पाहत होते.

रुद्रेश दुसऱ्या दिवसापासून येऊ लागला. तो वाईट मुलगा नव्हता, आणि तेच अवघड होतं. तो तिला ताई म्हणायचा, तिच्याआधी येऊन काचेची भांडी धुवून ठेवायचा, आपल्याला काही येत नाही हे लपवायचा नाही. एकदा म्हणाला, "ताई, खरं म्हणजे तुम्हीच जायला पाहिजे होतं. मी पप्पांना म्हणलं तसं. ते म्हणले, तिला घरचे सोडत न्हायत."

"असं म्हणले?"

"व्हय."

त्याच दिवशी ती गोष्ट घडली, आणि घडली म्हणावं इतकी मोठीही ती नव्हती.

दाळमिलमध्ये तूर भरडायच्या आधी तिला तेल चोळतात, म्हणजे साल सुटून येते. त्यामुळं फोलकटाला तेलाचा हात लागलेला असतो. ते तेल काढल्याशिवाय उजेड कधी येतो, कधी येत नाही, आला तरी एकासारखा दुसरा येत नाही. मिनाजचं अख्खं वर्ष याच्यापायी वाया गेलं होतं. शेवटी तिनं फोलकट ॲसिटोनमध्ये भिजवायला आणि मग कढत पाण्यातून काढायला सुरुवात केली, तेव्हा कुठं गणित बसलं. पेपरात तिनं हे लिहिलं होतं. सरांनी ती ओळ खोडली. "धुणं-बिणं काय लिहायचं, पोरखेळ वाटतो," म्हणाले. छापील पेपरात नुसतं 'स्वच्छ केलेलं फोलकट' राहिलं.

धुऊन वाळवलेलं फोलकट मिनाजच्या कपाटात एका बरणीत भरलेलं असायचं. त्या दिवशी तिनं ती बरणी टेबलावर काढली. रुद्रेशनं मूठभर हातात घेतलं.

"हे कुठलं, ताई?"

"तेरच्या दाळमिलचं."

"असंच घ्यायचं?"

ती त्याच्याकडं पाहत राहिली. सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

"चाळून घ्यायचं," ती म्हणाली.

एकही शब्द खोटा नव्हता. घरी जाताना एसटीत ती मनाशी म्हणाली, उद्या सांगू. उद्या तिनं सांगितलं नाही. रुद्रेश मन लावून शिकला, मोबाइलवर चित्रण करून घेतलं, त्या बरणीतल्या फोलकटापासून त्यानं स्वतःच्या हातानं असा झकास निळा उजेड काढला की सरांनी येऊन त्याची पाठ थोपटली. मग तो नवं, ताजं पोतंभर फोलकट बांधून घेऊन गेला. जाताना मिनाजच्या पाया पडला.

पहिला फोन महिन्याभरानं आला. "ताई, उजेड येतोय, पण दर वेळी वेगळा."

"भट्टी बघ. तापमान खालीवर होत असंल."

पुढच्या वेळी, "भट्टी ठीक हाय, ताई."

"मग पाणी बदलून बघ. गाळण बारीक घे."

तिचा प्रत्येक सल्ला खरा होता आणि एकही उपयोगाचा नव्हता. फोन ठेवला की तिला चांगली भूक लागायची. त्या दिवसांत तिची तब्येत सुधारली. अम्मी म्हणाली, अल्लानं पोरीच्या मनाला सुकून दिला.

व्हिडिओवर रुद्रेश मात्र वाळत चालला होता. गाल बसले, बोलता बोलता मधेच थांबू लागला. एकदा तो म्हणाला, "इथं सगळे माझ्याशी चांगलं वागतात, ताई. म्हणून जास्त लाज वाटते. बाई काही बोलत न्हायत, नुसत्या माझ्या आकड्यांकडं बघतात." मग डोळे चोळत म्हणाला, "माझ्या हातातच काहीतरी खोट हाय." ते तेलाचं मिनाजच्या ओठांवर आलं होतं. तिनं विचारलं, "जेवतोस का नीट?"

त्यानंतर त्याचे फोन बंद झाले. चाचणीचा काळ संपला तेव्हा बाईंनी त्याला पुढं ठेवलं नाही. तो परत आला आणि घरातून बाहेर पडेना. सर कॉलेजात त्याचं नाव काढत नसत.

मिनाजला वाटलं, फिटलं. पण आगीला आपलं घर, परकं घर कळत नाही. महिन्याभरात मार्ताबाईंची मेल आली, सरांना आणि तिला, दोघांनाही. आमच्याकडं तुमचा प्रयोग वारंवार करूनही जमत नाही. मूळ पेपरबद्दल शंका आहे. समाधानकारक खुलासा आला नाही तर नियतकालिकाला कळवावं लागेल.

त्या पेपरवर पहिलं नाव मिनाजचं होतं.

प्राचार्यांनी दोघांना बोलावलं. सर आधीच येऊन बसले होते. मिनाज आत गेली तेव्हा ते म्हणत होते, "प्रयोग सगळे तिचे, सर. आकडे तिचे, कल्पनासुद्धा तिचीच. मी पोरीवर विश्वास ठेवून सही केली." मग तिच्याकडं वळून, त्याच मऊ आवाजात, "बेटा, काही चुकलं असंल तर सांगून टाक. आमी सांभाळून घेऊ."

दीड वर्षापूर्वी हे वाक्य तिला हवं होतं. कल्पना तिचीच. आज ते तिला असं मिळालं.

"काही चुकलेलं नाही," ती प्राचार्यांना म्हणाली. "मी कळवते त्यांना."

तिनं तेलाची सगळी हकीकत लिहून पाठवली, कसं भिजवायचं, किती वेळ, कढत पाणी कितीदा. पलीकडं त्यांनी रुद्रेशच्या उरलेल्या पोत्यातलंच फोलकट तसं धुऊन पाहिलं. उजेड आला. प्रत्येक वेळी आला, सारखा आला. मार्ताबाईंनी लगेच कळवलं, शंका मिटली, आणि पुढं लिहिलं, तुमच्याशी बोलायचं आहे.

मिनाज पुन्हा त्याच खिडकीशी बसली. बाई थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"रुद्रेशला तुम्ही शिकवलंत. हे त्याला का सांगितलं नाहीत?"

विसरले, असं म्हणता आलं असतं. पण मिनाजला वाटलं, आता खरं बोलायची वेळ आली आहे. इतक्या दिवसांचं साचलेलं तिनं ओतून टाकलं. त्या दिवशी मी त्याच खोलीत बसले होते. सर माझ्याकडं बघून बोलले. मग त्यांच्या मुलाला मी शिकवायचं होतं. म्हणून नाही सांगितलं. सांगता सांगता ती रडू लागली, आणि रडताना तिला हलकंही वाटत होतं, कारण समोरची बाई ऐकत होती.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"कल्पना तुमची होती, यावर माझा विश्वास बसला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तेव्हा घेतलं नाही ही माझी चूक झाली. मी तुमची माफी मागते."

मिनाजनं ओढणीनं डोळे पुसले.

"ती जागा पुन्हा रिकामी आहे," बाई म्हणाल्या. "हे मी सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण तुम्ही खरं बोललात म्हणून मीही बोलते. तुम्हाला मी घेणार नाही. माझ्याकडं सगळे एकमेकांच्या शब्दावर काम करतात. तो मुलगा माझ्या डोळ्यांदेखत झिजला, आणि तुम्ही ते फोनवर पाहत होतात. तुमच्या सरांनी तुमचं जे केलं ते वाईटच. पण ते त्यानं केलं नव्हतं."

"मॅडम, एक संधी…"

"दुसऱ्या कुणी विचारलं तर तुमचं काम उत्तम आहे असंच सांगेन. त्यांनी माणसाबद्दल विचारलं, तर मला खोटं बोलता येत नाही."

पडदा काळा झाला. त्यात मिनाजला आपलाच चेहरा दिसला. तिनं लॅपटॉप मिटला.

सर दारातच उभे होते. पेपरवरचं संकट टळल्याची बातमी त्यांना लागली होती, चेहरा फुलला होता. "वाचलो बाई! म्हणलं होतं मी, माझी लेक हुशार हाय." मग जरा जवळ येऊन, आवाज खाली आणून, "पण हे तेलाचं तू रुद्रेशला सांगितलं नव्हतंस का?"

खरं बोलण्याचं फळ तिच्या हातात ताजं होतं.

"सांगितलं होतं, सर," मिनाज म्हणाली. "पहिल्याच दिवशी. तो विसरला असंल."

सरांचा चेहरा पालटला. ते व्हरांड्यात गेले आणि मोबाइल कानाला लावून कानडीत बोलू लागले. मिनाजला कानडी येत नव्हती. पण ज्या माणसाला कुणी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं, तो ओरडत होता. व्हरांड्यातली पोरंपोरी चालता चालता थांबली होती.

त्या जूनमध्ये तिला तासिका मिळाल्या नाहीत. कुणी कारण दिलं नाही आणि तिनं विचारलं नाही. प्रयोगशाळेची किल्ली एका नव्या मुलीकडं गेली. मिनाजनं आणखी दोन-तीन ठिकाणी अर्ज केले. प्रत्येकाला मार्गदर्शकाचं नाव हवं होतं, कुणाला आधीच्या ओळखीतलं आणखी एखादं. पुढं पुढं जाहिरातींतच लिहिलेलं असायचं, पीएचडी होऊन अमुक वर्षांच्या आतलेच उमेदवार, आणि तिची वर्षं त्या अमुकच्या पलीकडं गेली. येरमाळ्याच्या एका खाजगी ज्युनियर कॉलेजात तिला जागा मिळाली. तिथं ती अकरावीच्या पोरांना आम्ल आणि आम्लारी शिकवू लागली.

एका दुपारी कॉलेज सुटल्यावर ती हायवेवरच्या चहाच्या टपरीपाशी एसटीची वाट पाहत होती. मोटारसायकल थांबली. वर रुद्रेश. अंगावर कीटकनाशकाच्या कंपनीचा हिरवा शर्ट, पाठीला सॅक. दुकानादुकानांतून औषधांची जाहिरात करत फिरायची नोकरी वडिलांनी लावून दिली होती. खांदे आणखी पडले होते.

"ताई! ओळखलं का?"

"न ओळखायला काय झालं," ती म्हणाली. "बस."

त्यानं चहा सांगितला. अब्बांचं विचारलं, अम्मीचं विचारलं. मग कपाकडं बघत बसला.

"एक विचारू, ताई? रागावू नका." त्यानं तळहात पँटला पुसले. "ते तेलाचं. पप्पा म्हणतात, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते सगळं चित्रण पुन्हा पुन्हा बघितलं. त्यात न्हाय. पण मधे मधे मी मोबाइल बंद करायचो, तेव्हा सांगितलं असंल. मला आठवतच न्हाय. डोक्याच्या डॉक्टरकडं पण नेलं होतं पप्पांनी, विसरायला का होतंय म्हणून. गोळ्या चालू हायत." त्यानं वर पाहिलं. "तुम्ही खरंच सांगितलं होतं का?"

त्याच्या नजरेत आरोप नव्हता. त्याला फक्त उत्तर हवं होतं, कोणतंही. ती नाही म्हणाली असती तर त्या मुलाच्या डोक्यावरचं ओझं तिथंच उतरलं असतं. हायवेवरून ट्रक धडधडत गेले. मिनाजनं कप खाली ठेवला.

"सांगितलं होतं रे," ती म्हणाली. "तू गडबडीत होतास."

रुद्रेशनं हळूहळू मान हलवली.

"मग माझंच चुकलं." त्यानं चहाचे पैसे दिले. "सॉरी, ताई. माझ्यामुळं तुमच्या पेपरवर बालंट आलं. तुमचं पण जायचं राहिलं. मी कधीचं म्हणणार होतो."

"जाऊ दे," मिनाज म्हणाली.

धाराशिवची गाडी आली. रस्त्यात उभं राहून रुद्रेशनं हात करून ती थांबवली, मिनाजची पिशवी उचलून आत दिली, आणि कंडक्टरला म्हणाला, "मॅडमला जागा द्या, मास्तर." तिला खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी हलेपर्यंत तो खाली उन्हात उभा होता.